धुके, बर्फ आणि गाडीची मदत

मागच्या जानेवारीत मी आणि माझा भाचा ओंकार पहाटे साडेपाचच्या सुमारास नागपूरहून सिवनीला निघालो. गाडी त्याची होती, जेमतेम चार महिन्यांची, आणि चालवतही तोच होता. कामठी आणि कन्हान मागे पडेपर्यंत हवा इतकी स्वच्छ होती की काचेतून चांदण्या दिसत होत्या. मनसर ओलांडून देवलापारच्या दिशेने लागल्यावर मात्र एका उताराच्या तळाशी आम्ही एकाएकी धुक्यात शिरलो. आपल्याकडचे हिवाळी धुके असेच असते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता सोडून गार होते, तिच्या लगतची हवाही गार होते, आणि धानाच्या बांध्या, नाले किंवा तलावांमुळे जिथे ओलावा असतो तिथे ती जड हवा सखल भागात साचते. रामटेकचा सगळा पट्टा धानाचा आणि पाण्याचा. त्यामुळे दोन किलोमीटर लख्ख रस्ता आणि पुढे अर्धा किलोमीटर पांढरी भिंत, असे तिथे वारंवार होते.

ओंकारने क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग गाडीने स्वतः राखण्याची सोय, ताशी ९० किलोमीटरवर लावलेले होते. पुढच्या वाहनापासूनचे अंतर गाडी स्वतः राखत होती आणि पट्टा सुटू लागला की स्टिअरिंग स्वतःच हलके वळवत होती. मी मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली. रस्त्याकडेचे एखादे झाड धुक्यातून दिसू लागले की सेकंद मोजायला लागायचे आणि ते बाजूने मागे गेले की थांबायचे, ही माझ्या वडिलांची सवय आता माझी झालेली आहे. तीन म्हणेपर्यंत झाड मागे जात होते. मी त्याला वेग कमी करायला सांगितले.

"मावशी, गाडी पाहते न सगळं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याचा खरोखरच तसा विश्वास होता.

मिनिटभरातच दोन बारीक घंटा वाजल्या आणि समोरच्या पडद्यावर सूचना आली की पुढच्या कॅमेऱ्याला नीट दिसत नसल्यामुळे मदत तात्पुरती बंद करण्यात आली आहे. म्हणजे ज्या क्षणी रस्ता सर्वांत अवघड झाला, नेमक्या त्याच क्षणी गाडीने काम त्याच्या हाती परत दिले. त्याने निमूटपणे वेग ७० वर आणला. चारपाच मिनिटांनी आमच्यासमोर तणसाने भरलेली एक ट्रॉली आली. तणस दोन्ही बाजूंनी इतके खाली लोंबत होते की मागचा दिवाही झाकला गेला होता आणि रेडियमची पट्टीही. ओंकारने जोरात ब्रेक दाबला, पायाखालचे पेडल थरथरले, आणि त्याने दचकून क्षणभर पाय उचलला. मग पुन्हा दाबला. ट्रॉलीच्या मागे गाडीभर अंतर राखून आमचा वेग तिच्या वेगाइतका झाला, आणि पुढचा बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे या प्रसंगाचा हिशेब मला सिवनीला पोहोचण्याच्या आधीच मांडावा लागला. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो असे धरले, तर तेवढ्यात ३७ मीटरहून अधिक रस्ता संपतो. पुढे दवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर घर्षणांक, म्हणजे रस्त्याची पकड सांगणारा आकडा, ०.५ मानला, तर थांबायला आणखी ६४ मीटर लागतात. एकूण झाले १०१ मीटर, आणि आम्हाला दिसत होते जेमतेम ७५. ताशी ७० ला हाच हिशेब ६८ मीटरवर येतो. फक्त २० किलोमीटरचा वेग कमी केल्याने जवळजवळ ३३ मीटर वाचतात, कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ट्रॉली उभी नसून चालत होती, म्हणून आम्हाला थोडी सवलत मिळाली. पाय उचलल्यामुळे त्यातली काही वायाही गेली.

ही हकिगत मी सांगते तेव्हा माझ्या वयाचे बहुतेक लोक लगेच म्हणतात की बघा, यंत्राच्या भरवशावर राहिले की असे होते, आमच्या वेळी असे काही नव्हते आणि तरी आम्ही गाड्या चालवल्या. मला हे म्हणणे पटत नाही. ओंकारचा विश्वास चुकीच्या जागी होता, पण आमच्या पिढीचा अभिमानही तितकाच चुकीच्या जागी आहे, आणि तो मी फार जवळून पाहिलेला आहे.

माझ्या वडिलांनी मला त्यांच्या फियाटवर गाडी शिकवली, तीही आमच्या काटोलकडच्या शेताच्या रस्त्यावर, मुद्दाम पावसाळ्यात. पाऊस पडून गेल्यानंतरची काळी माती म्हणजे आपला बर्फच. वरचा बोटभर थर लोण्यासारखा निसरडा होतो आणि त्यावर चाकाला धरायला काही उरत नाही. बाबांनी मला दुसऱ्या गिअरवर गाडी हलवायला शिकवले, कारण पहिल्या गिअरच्या जोराने चाक जागच्या जागी फिरते. वळणावर ब्रेक लावायचा नाही, जो वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच करायचा. ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे चाके जाम होत नाहीत आणि स्टिअरिंग ऐकते. गाडीचा मागचा भाग ज्या बाजूला सरकेल त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचे, आणि घाईने नाही. हे सगळे मला आजही पायात आणि हातात आठवते.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेली गाडी घरात आली तेव्हा बाबा नाराज झाले होते. पायाने करायचे काम डबीने का करावे, असे त्यांचे म्हणणे. पण पायाची मर्यादा त्यांनाही ठाऊक असायला हवी होती. चाक रस्त्याच्या मानाने थोडेसे घसरत असते, साधारण १० ते २० टक्के, तेव्हा ते रस्ता सर्वांत चांगला धरते. पूर्ण जाम झालेले चाक कमी धरते आणि वळणे तर सोडूनच देते. माणूस सेकंदाला दोन-तीन वेळा ब्रेक दाबू-सोडू शकेल, आणि तोही चारही चाकांचा एकदम. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग वेगळा मोजते आणि सेकंदाला कितीतरी वेळा त्या त्या चाकाचा दाब कमीजास्त करते; पायाखालचे पेडल थरथरते ते त्यामुळेच. डावी चाके ओल्या मातीवर आणि उजवी डांबरावर असताना हे किती मोलाचे आहे ते सांगायला नको. बॉशने बनवलेली ही यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना ती बंधनकारक होण्यासाठी एप्रिल २०१९ उजाडावे लागले.

त्यानंतरची पायरी ईएसपीची, म्हणजे घसरू लागलेली गाडी सावरणाऱ्या यंत्रणेची, आणि माझ्या मते ती एबीएसहून मोठी आहे. चालक स्टिअरिंग किती वळवतो आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, या दोन्हींची ही यंत्रणा सेकंदाला २५ वेळा तुलना करते. गाडी वळायला हवी तितकी वळत नसेल, तर आतल्या बाजूचे मागचे चाक ती एकट्याने रोखते. मागचा भाग बाहेर सरकू लागला, तर बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक रोखते. एकाच चाकाला ब्रेक लावण्याची सोय कोणत्याही चालकाकडे नसते, मग तो कितीही निष्णात असो. १९९५ मध्ये ही यंत्रणा बाजारात आली तेव्हा ती महागड्या गाड्यांपुरती होती. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मासिकाने मर्सिडीजच्या लहान ए-क्लासची चाचणी घेतली. समोर अचानक सांबरासारखे मोठे जनावर आले तर गाडी वेगाने एका बाजूला आणि परत आपल्या पट्ट्यात आणावी लागते, तशी ती चाचणी असते. गाडी उलटली. त्यानंतर कंपनीने त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत ईएसपी दिले आणि ही यंत्रणा सामान्य गाड्यांकडे वळली. अमेरिकेत २०१२ पासूनच्या आणि युरोपात २०१४ च्या अखेरीपासूनच्या सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. अमेरिकेतल्या अभ्यासांत एकट्याच वाहनाच्या प्राणघातक अपघातांचा धोका तिच्यामुळे जवळपास निम्म्यावर आलेला दिसला. इतका स्पष्ट फरक दिसत असताना केवळ आपल्या कसबाच्या प्रेमापोटी तिला नावे ठेवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

मग उरते काय? याचे उत्तर मला नागपुरात नाही, हिमाचलमध्ये मिळाले.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही मनालीला गेलो होतो आणि तिथून अटल बोगद्यातून लाहौलमधल्या सिस्सूला गेलो. गाडी आणि चालक दोन्ही स्थानिक. चालक साठीकडे झुकलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. बोगदा ९.०२ किलोमीटर लांबीचा आहे आणि आत रस्ता कोरडा, उजळ, सरळ. कोणालाही तिथे वेग वाढवावासा वाटेल. त्यांनी मात्र पलीकडचे तोंड दिसण्याच्याही बरेच आधी वेग उतरवला, गिअर खाली घेतला आणि ब्रेकला पाय न लावता गाडी हळूहळू बाहेर काढली. बाहेर पडताच पहिल्या काही मीटरवर रस्ता काळा आणि ओला दिसत होता. तो ओला नव्हता. वितळलेल्या बर्फाचे पाणी रात्रीत गोठून त्याचा काचेसारखा पारदर्शक थर तयार झाला होता, ज्यातून खालचे डांबर दिसत राहते आणि डोळ्यांची फसगत होते. त्याच थरावर एक पर्यटकांची गाडी आडवी होऊन कडेच्या बर्फात रुतली होती. सुदैवाने आतल्या कोणालाही लागले नव्हते.

मी त्या प्रसंगाचा नंतर खूप विचार केला आहे. ईएसपी असो वा जोर देताना चाक जागच्या जागी फिरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल, त्यांना बर्फ कळतो तो चाक घसरल्यावर. चाकाच्या वेगात फरक पडला, गाडी मागितल्यापेक्षा वेगळी वळली, म्हणजेच घटना सुरू झाली, की मग त्यांचे काम सुरू होते. त्या चालकांना बर्फ कळला होता तो बोगद्याच्या आतच. उत्तरेकडचे तोंड सावलीत असते, सकाळचे दहा वाजलेले आहेत, काल दुपारी ऊन होते आणि रात्री आकाश मोकळे होते, म्हणजे तिथे थर असणार, हा हिशेब त्यांच्या डोक्यात होता आणि तो करणारा कोणताही सेन्सर त्या गाडीत नव्हता. शिवाय रस्त्यावर जेवढी पकड आहे तेवढीच वाटून देण्याचे काम यंत्र करते. नसलेली पकड ते निर्माण करत नाही. दाबलेल्या बर्फावर घर्षणांक ०.२ च्या आसपास असतो, काचेसारख्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी ६० ला कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून २० मीटरमध्ये थांबणारी गाडी त्या थरावर १४० मीटर जाईल, मग तिच्यात कितीही अक्षरांची यंत्रणा असो.

सिस्सूजवळच्या एका सपाट मोकळ्या जागेवर त्यांनी मला त्यांची गाडी थोडी चालवू दिली. ताशी २० च्या वेगाने, ज्याला आपण नागपुरात वेग म्हणतच नाही, मी ब्रेक दाबला आणि गाडी आठ मीटर पुढे जाऊन थांबली. कागदावर मला तो आकडा ठाऊक होता. प्रत्यक्ष बसून पाहणे निराळे. तिथे आणखी एक गैरसमज दूर झाला. चारही चाकांना ताकद देणारी गाडी बर्फात सुरक्षित, असे बहुतेक पर्यटक मानतात. अशी गाडी बर्फातून निघते छान आणि चढतेही छान, पण थांबताना तिला काहीही जास्तीचे मिळत नाही, कारण ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. सहज निघालेल्या गाडीमुळे रस्ता चांगला आहे असा भास मात्र होतो. खरा फरक पडतो तो टायरचा. बर्फाळ देशांत वापरतात त्या हिवाळी टायरचे रबर ७ अंशांखालीही मऊ राहते, आपल्या नेहमीच्या टायरचे कडक होऊ लागते. नागपुरात डिसेंबर २०१८ च्या शेवटी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण अशा पहाटा वर्षाकाठी मोजक्याच. आपल्याला तसले टायर लागत नाहीत. गोटा झालेले टायर बदलले तरी पुष्कळ होईल.

यंत्राच्या मर्यादा माहीत असणे हेही आता कसबच आहे. भुसभुशीत ताज्या बर्फावर किंवा सैल गिट्टीवर जाम झालेले चाक पुढे बर्फाचा ढीग लोटते आणि तो ढीग त्याला अडवतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे तिथे गाडी थोडी लांब जाऊन थांबू शकते. बदल्यात ती वळते, आणि हा सौदा मला मान्य आहे. रुतलेली गाडी मागेपुढे झुलवून काढायची असेल तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावे लागते, नाहीतर चाक फिरू लागले रे लागले की ते इंजिनाचा जोर तोडते आणि गाडी जागची हलत नाही. त्याचे बटण अशा बऱ्याच गाड्यांत कुठे ना कुठे असते, आणि ते कुठे आहे हे मी विचारलेल्या दहापैकी आठ जणांना सांगता आले नाही.

रस्त्यावरची खरी गोम म्हणजे मदत मिळाली की माणूस ती सुरक्षिततेवर न खर्चता वेगावर खर्च करतो. १९८० च्या दशकात म्युनिकमध्ये एका टॅक्सी ताफ्यातल्या काही गाड्यांना एबीएस दिले होते आणि काहींना नव्हते. अपघातांच्या संख्येत अपेक्षित घट झाली नाही. एबीएसवाले चालक अधिक जोरात चालवू लागले आणि अधिक उशिरा ब्रेक लावू लागले. ओंकारचे ९० चे क्रूझ कंट्रोल हे त्याचेच नवे रूप होते. कॅमेरा दृश्य प्रकाशावर चालतो, म्हणजे धुक्यात जे आपल्या डोळ्यांचे होते तेच त्याचेही होते. रडार धुक्यातून पाहू शकते, पण अनेक गाड्यांमध्ये दोघांची साक्ष जुळल्याशिवाय गाडी स्वतःहून जोरात ब्रेक लावत नाही. हे सगळे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेले असते. ती पुस्तिका ओंकारच्या डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत बंद होती.

धुक्याबद्दल आणखी दोन गोष्टी मला राहवत नाही म्हणून लिहिते. वरचा, म्हणजे अप्पर, दिवा लावला की प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. खालचा लावावा आणि असतील तर फॉग लॅम्प. आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर चालू ठेवू नयेत. मागच्याला कळत नाही की तुम्ही उभे आहात की चालत आहात, आणि तुम्ही कोणत्या बाजूला वळणार ते तर मुळीच कळत नाही. आपल्या महामार्गांवर पहाटे दर तिसरी गाडी असे करताना मला दिसते.

जुलैमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर मी ओंकारला काटोलच्या शेतावर घेऊन गेले. रस्त्याची तीच काळी माती, एका बाजूला संत्र्याची झाडे आणि दुसऱ्या बाजूला आमच्या शेजाऱ्यांचे पडीक माळ, जिथे चुकले तरी कोणाचे नुकसान होणार नव्हते. ताशी ३० चा वेग घेऊन पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायचा आणि पेडल कितीही थरथरले तरी पाय उचलायचा नाही, एवढेच मी सांगितले. पहिल्या चार वेळा त्याने पाय उचलला. त्या थरथरीत काहीतरी तुटले असे वाटते, आणि दचकून मागे येणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणूनच ती थरथर आधी एकदा पायाला ओळखीची करून द्यावी लागते. पंधराव्या वेळेपर्यंत तो पाय दाबून धरून शांतपणे स्टिअरिंग वळवत, मी ठेवलेल्या रिकाम्या डब्याच्या बाजूने निघू लागला. मग आम्ही ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून चिखलातून गाडी काढली, आणि बाबांची दुसऱ्या गिअरची युक्ती मी त्याला शिकवली. संध्याकाळी त्याने पिशवी फोडून पुस्तिका बाहेर काढली आणि परतीच्या वाटेवर मलाच मोठ्याने वाचायला लावली.

आता डिसेंबर लागला आहे. परवा पहाटे तो एकटाच मौद्याच्या बाजूने भंडाऱ्याला गेला होता. पोहोचल्यावर त्याने फोन केला आणि आधी धुके किती होते ते सांगितले नाही. म्हणाला, "मावशी, माथनीच्या पुलाजवळ मोजून दोनच सेकंद येत होते, म्हणून चाळीसवर आणली, तरी अडीचच्या वर जाईना. मग ढाब्यावर चहा घेत बसलो अर्धा तास."